कर्करोग, पथ्य आणि तवक्कुल

हजरत इब्राहीम (अलै.) यांनी आपल्या समाजाला आपल्या पालनकर्त्याची ओळख करून दिली, तिचा क्रम सूरह शुअरामध्ये (२६ : ७८-८०) आला आहे. त्याने निर्माण केले, तोच मार्ग दाखवतो, तोच खाऊपिऊ घालतो, आणि आजारी पडल्यावर तोच बरे करतो. कुरआनच्या भाष्यकारांनी येथे एक सूक्ष्म गोष्ट टिपली आहे. निर्मिती, मार्गदर्शन, अन्न आणि आरोग्य या सर्व गोष्टी हजरत इब्राहीम (अलै.) यांनी अल्लाहकडे निर्देश करून सांगितल्या, आजाराचा उल्लेख मात्र त्यांनी स्वतःकडे घेतला. हा दासाचा अदब आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अन्न आणि आरोग्य यांचा उल्लेख या आयतींत एकापाठोपाठ आला आहे. जो खाऊ घालतो तोच बरे करतो. म्हणून आजारपणात काय खावे आणि कोणता उपचार घ्यावा, हे प्रश्न श्रद्धावंताच्या दृष्टीने धर्माबाहेरचे नाहीत.

आज आपल्या बहुतेक कुटुंबांत, जवळच्या नात्यात कोणाला ना कोणाला कर्करोग झालेला असतो. तपासणीचा अहवाल हाती येतो आणि दुसऱ्याच दिवसापासून घरात सल्ल्यांची रीघ लागते. एक नातेवाईक मधाची बाटली आणि कलौंजीचे तेल घेऊन येतो. दुसरा सांगतो की साखर हेच कर्करोगाचे अन्न आहे, तेव्हा भात, भाकरी, फळे, सारे बंद करा. तिसरा हिजामा करणाऱ्याचा पत्ता देतो. चौथा कानात सांगतो की केमोथेरपीनेच माणसे मरतात, ती घेऊच नका. प्रत्येकाच्या मनात प्रेम असते. यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या गर्दीत ज्याचे शरीर आहे त्या रोग्याला विचारणारा क्वचितच कोणी असतो, आणि धर्म याविषयी काय सांगतो हे पाहणाराही क्वचितच.

उपचार हा तवक्कुलचाच भाग

पहिला गैरसमज तवक्कुलविषयीचा आहे. अल्लाहवर भिस्त ठेवली म्हणजे दवाखान्याची गरज नाही, असे काही लोक मानतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर हा प्रश्न प्रत्यक्ष आला होता. हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या कथनानुसार काही ग्रामीण अरबांनी विचारले की आम्ही औषधोपचार करावा काय? प्रेषितांनी त्यांना अल्लाहचे दास म्हणून संबोधले आणि उपचार करण्यास सांगितले. कारण वार्धक्य वगळता अल्लाहने असा कोणताही आजार ठेवलेला नाही की ज्याचे औषध ठेवले नाही (तिर्मिजी, अबू दाऊद). औषध घेण्याचा आदेश देतानाच त्यांनी 'दास' हा शब्द वापरला, म्हणजे औषध शोधणे हे दास्यत्वाच्या विरुद्ध नाही.

केवळ सांगून ते थांबले नाहीत. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) सांगतात की प्रेषितांनी हजरत उबै बिन कअब (रजि.) यांच्याकडे एक वैद्य पाठवला, त्याने त्यांची एक शीर कापली आणि मग त्या जागी डाग दिला. कापणे आणि भाजणे, त्या काळात उपलब्ध असलेला कठोरातला कठोर इलाज हाच होता. डागण्याचा उपाय प्रेषितांना स्वतःला फारसा पसंत नव्हता, हेही हदीसमध्ये आले आहे. तरीही गरज पडली तेव्हा त्यांनी आपल्या सहकाऱ्याला त्या उपचारापासून रोखले नाही. आजच्या शस्त्रक्रियेला आणि किरणोपचाराला घाबरणाऱ्या कुटुंबाने ही हदीस लक्षात ठेवावी.

शाम प्रदेशात प्लेगची साथ पसरली असता हजरत उमर (रजि.) सर्ग या ठिकाणाहून परत फिरले. अल्लाहने ठरवलेल्या दैवापासून आपण पळत आहात काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. अल्लाहच्या एका निर्णयाकडून आपण त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असे उत्तर हजरत उमर (रजि.) यांनी दिले (सहीह बुखारी). आजार हे दैव आहे, आणि औषध हेही त्याच दैवाचा भाग आहे.

मध, कलौंजी आणि हिजामा

मधात लोकांसाठी आरोग्य आहे, हे सूरह नहलमध्ये (१६ : ६९) सांगितले आहे. कलौंजीविषयी सहीह बुखारीत हदीस आहे की मृत्यूखेरीज प्रत्येक आजारासाठी तिच्यात आरोग्य आहे. यावर आमची पूर्ण श्रद्धा आहे. प्रश्न एवढाच की या वचनांचा अर्थ आमच्या पूर्वसूरींनी कसा घेतला. इब्ने कसीर (रह.) यांनी मधाच्या आयतीवर लिहिताना दाखवून दिले आहे की मूळ अरबी शब्दरचनेत 'एक आरोग्य' असा अर्थ आहे, 'संपूर्ण आरोग्य' असा नाही. अल-खत्ताबी (रह.) यांच्यासारख्या हदीसतज्ज्ञांनी कलौंजीच्या हदीसचा शब्द व्यापक असला तरी अर्थ विशिष्ट प्रकारच्या आजारांपुरता घेतला. या विद्वानांची श्रद्धा आमच्यापेक्षा कमी नव्हती. आणि प्रेषितांनी हजरत उबै (रजि.) यांच्याकडे वैद्य पाठवला तेव्हा मध आणि कलौंजी मदीन्यात उपलब्ध नव्हती, असे थोडेच आहे!

औषधाविषयीच्या आणखी एका समजुतीकडे पाहू. वनस्पती म्हणजे निर्धोक आणि इस्पितळातले औषध म्हणजे विष, असे म्हटले जाते. आपल्या अंगणात फुलणारी सदाफुली घ्या. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही केमोथेरपीची औषधे याच झाडापासून मिळाली. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांच्या उपचारात व्हिन्क्रिस्टीन आजही वापरले जाते. म्हणजे अल्लाहने ज्या वनस्पतीत औषध ठेवले होते, तेच मानवाने शोधून, शुद्ध करून, मात्रा ठरवून सुईत भरले. याउलट, सदाफुलीची पाने घरी कुटून खाणे धोक्याचे आहे. दुसरे उदाहरण जर्दाळूच्या बियांचे. त्यांतील अर्क कर्करोग बरा करतो म्हणून जगभर विकला गेला. अमेरिकेत १७८ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली आणि १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : रोग्यांना लाभ झाला नाही, उलट काहींमध्ये सायनाइडच्या विषबाधेची चिन्हे दिसली.

हिजामा ही सुन्नतने मान्य केलेली पद्धत आहे. परंतु केमोथेरपी सुरू असताना रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी त्वचेवर छेद घेतल्यास रक्तस्राव थांबत नाही आणि जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर छेद घेणे विशेष धोक्याचे असते. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या काळात हिजामा करू नये. सुन्नतच्या नावाने रोग्याला अपाय करणे, ही सुन्नतची सेवा होऊ शकत नाही.

पथ्याचा आदर्श

आता आहाराकडे येऊ. पथ्य ही प्रेषितांची शिकवण आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. हजरत उम्मुल मुंजिर (रजि.) यांच्या घरी प्रेषित (स.) हजरत अली (रजि.) यांच्यासह आले. हजरत अली (रजि.) नुकतेच आजारातून उठले होते. घरात खजुरांचे घड टांगलेले होते. प्रेषितांनी त्यातून खाल्ले, हजरत अली (रजि.) खाऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना थांबवले आणि तुम्ही अजून अशक्त आहात याची आठवण दिली. मग यजमानीणबाईंनी सातू आणि बीटाच्या पाल्याचे अन्न शिजवून आणले. ते मात्र हजरत अली (रजि.) यांनी घ्यावे, ते त्यांना अधिक मानवेल, असे प्रेषितांनी सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी).

कमी कर्बोदकांच्या आहाराचा पुरस्कार करणारे काहीजण ही हदीस आपल्या बाजूने मांडतात. खजूर गोड, म्हणून प्रेषितांनी रोखले, असे ते म्हणतात. परंतु हदीस पूर्ण वाचावी. खजुराऐवजी जे ताटात आले ते सातू, म्हणजे धान्यच होते. हजरत आयशा (रजि.) रोग्यासाठी आणि शोकग्रस्तासाठी तलबीना करण्यास सांगत, ती रोग्याच्या मनाला विसावा देते, हे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते (सहीह बुखारी). तलबीना म्हणजे सातूच्या पिठाची पातळ लापशी. या दोन्ही हदीसमधून एकच कसोटी हाती येते : या रोग्याला, या अवस्थेत, काय मानवेल? धान्याशी वैर हा पथ्याचा उद्देश नव्हता. रोग्याच्या अंगात ताकद येणे हा उद्देश होता.

साखर आणि कर्करोग : सत्य किती?

साखर कर्करोगाला पोसते, या म्हणण्याच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार वेगाने वापरतात. पेट स्कॅन याच गुणधर्मावर चालतो. किरणोत्सारी खूण केलेले ग्लुकोज टोचले की गाठ चमकते. वारबर्ग यांना याच शोधासाठी नोबेल मिळाले असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक १९३१ चे ते पारितोषिक पेशींच्या श्वसनातील विकराच्या शोधासाठी होते.

परंतु या निरीक्षणावरून भाकरी बंद केल्यास गाठ उपाशी मरेल, हा निष्कर्ष निघत नाही. आपल्या मेंदूला आणि रक्तपेशींनाही ग्लुकोज लागते, म्हणून अल्लाहने शरीराची रचनाच अशी केली आहे की बाहेरून ते मिळाले नाही तर यकृत ते प्रथिनांपासून आणि चरबीच्या घटकांपासून तयार करते. खाणे अपुरे पडले की ही प्रथिने स्नायूंतून येतात. म्हणजे गाठीला साखर मिळतच राहते आणि झिजतो तो रोगी. कीटो आहार १९२१ मध्ये अपस्माराच्या रोग्यांसाठी मांडला गेला, आणि काही मुलांना त्या आजारात त्याचा लाभ होतो. कर्करोगात त्यावर झालेले प्रयोग लहान आहेत. त्याने रोग बरा होतो किंवा आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले नाही.

कर्करोगात वजन घटणे हा स्वतंत्र शत्रू आहे. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंहून जास्त गेले, तर डॉक्टर त्याला धोक्याची खूण मानतात. अशक्त रोग्याला केमोथेरपी सोसत नाही, मात्रा कमी करावी लागते, कधी उपचार थांबवावा लागतो. म्हणून आहारतज्ज्ञ कर्करोगाच्या रोग्यासाठी दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि किमान एक ग्रॅम, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने सांगतात. पन्नास किलोच्या भगिनीला रोज ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात ती साधारण सहा ग्रॅम असतात. यावरून डाळ, दही, मासे, अंडी, यखनी यांची ताटात किती गरज आहे, हे लक्षात येईल.

याचा अर्थ साखरेला मोकळे रान द्यावे असा नाही. रोगी मधुमेही असेल, किंवा उपचारासोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे त्याची रक्तशर्करा वाढत असेल, तर भात-भाकरीचे प्रमाण बेताचे ठेवणे आणि मिठाई, सरबत टाळणे योग्यच आहे. मात्र इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने कर्बोदके तोडली तर रक्तशर्करा एकदम घसरू शकते. येथे एक विसंगतीही पाहावी. ज्या घरात साखरेच्या भीतीने आजारी आईच्या ताटातील अर्धी भाकरी काढून घेतली जाते, त्याच घरात तिला दिवसातून चार चमचे मध दिला जातो. आणि मधाचा सुमारे ऐंशी टक्के भाग शर्कराच असतो. नियम कोणता पाळायचा हेच ठरलेले नसते, आणि आई मात्र रोडावत जाते.

सल्ला देणाऱ्याची जबाबदारी

ज्याला वैद्यकाचे ज्ञान नाही आणि तरीही जो उपचार करतो, तो झालेल्या हानीला जबाबदार आहे, असे प्रेषितांनी स्पष्ट केले आहे (अबू दाऊद, नसाई, इब्ने माजा). इस्लामी विधिशास्त्रज्ञांनी या हदीसवरून नुकसानभरपाईचे नियम काढले. आज मोबाइलवर आलेला संदेश पुढे पाठवून एखाद्या रोग्याला शस्त्रक्रियेपासून परावृत्त करणाऱ्याने या हदीससमोर क्षणभर थांबावे.

ही हानी काल्पनिक नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तन, फुप्फुस, आतडे आणि प्रोस्टेट यांचा, शरीरात दूरवर न पसरलेला कर्करोग असलेल्या रोग्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. याच रोगात, गाठ लहान असताना उपचार झाले तर, अल्लाहच्या कृपेने बरे होण्याची आशा सर्वांत मोठी असते. सहा महिने तेल, काढे आणि उपवास करून मग इस्पितळ गाठणारी भगिनी आपल्याबरोबर ती आशा आणत नाही. ती मागे राहिलेली असते.

आपले प्राण अल्लाहची अमानत आहेत. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात टाकण्यास कुरआनने (२ : १९५) मनाई केली आहे. १९९२ मध्ये जिद्द्यात झालेल्या इस्लामी फिकह अकादमीच्या सातव्या अधिवेशनाने उपचाराला मूलतः वैध ठरवले आणि तो सोडल्याने जीव जाण्याची किंवा अवयव निकामी होण्याची भीती असेल तेथे तो अनिवार्य ठरवला. म्हणून जो रोग बरा होण्याजोगा आहे, त्यात रोग्याला उपचारापासून तोडणे ही साधी मतभिन्नता राहत नाही. तो अमानतीचा प्रश्न होतो.

आपल्या भगिनींविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्तनात गाठ जाणवूनही केवळ हयेपोटी महिनोन्महिने न सांगणाऱ्या स्त्रिया आपल्या समाजात आहेत. हया ही ईमानची शाखा आहे, पण तिने जीव गमवावा असे शरीअतने कोठेही सांगितलेले नाही. महिला डॉक्टर असतील तर त्यांना प्राधान्य द्यावे. नसतील तर गरजेपुरते पुरुष डॉक्टरांना दाखवणे वैध आहे. खर्चाची चिंता असेल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून गोरगरिबांवर उपचार करीत आले आहे. शिवाय गरजू रोगी हा जकातचाही हक्कदार आहे. मशिदीच्या समितीने औषधाच्या एका चिठ्ठीचा भार उचलला, तर ती मोठी इबादत ठरेल.

रोग्याची दिनचर्या

मग पर्यायी उपायांना काहीच स्थान नाही काय? अवश्य आहे, उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. जे काही तेल, चूर्ण किंवा काढा घेत असाल ते डॉक्टरांना सांगावे. अनेक वनस्पती यकृतावर परिणाम करून औषधाची मात्रा कमीजास्त करतात. लपवण्यात धोका आहे, सांगण्यात लाज नाही.

फजरच्या नमाजनंतर झेपेल तेवढे चालावे; नियमित चालण्याने कर्करोगातील थकवा कमी होतो, हे अभ्यासांनी दाखवले आहे. उभे राहून नमाज होत नसेल तर बसून, बसून होत नसेल तर पडून पढावी. एकदम भरलेल्या ताटापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. तोंड आले असेल तर तलबीना, मऊ खिचडी, दही. रोग्यावर खाण्याची सक्तीही नको आणि त्याच्या तोंडचा घास हिरावणेही नको. त्याला काय रुचते हे त्यालाच विचारावे. रमजानमध्ये रोग्याला रोजा सोडण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे (२ : १८५); ती नाकारण्यात कोणतीही थोरवी नाही.

रात्री झोपण्यापूर्वी सूरह फातिहा, सूरह फलक आणि सूरह नास पढून अंगावर फुंकर घालावी. प्रेषितांच्या अखेरच्या आजारात हजरत आयशा (रजि.) याच शेवटच्या सूरह पढून त्यांच्यावर फुंकर घालीत आणि बरकतीसाठी त्यांचाच हात त्यांच्या अंगावरून फिरवीत (सहीह बुखारी). यासाठी कोणा बाबाला पैसे देण्याची गरज नाही. भविष्य सांगणाऱ्याच्या दारी जाणे आणि ताईतात आरोग्य शोधणे यांपासून मात्र दूर राहावे. तो मार्ग शिर्ककडे जातो.

औषध थांबते तेव्हा

कधी कधी डॉक्टरच सांगतात की आता रोग हटणार नाही. अशा वेळी कष्ट वाढवणारा उपचार नाकारण्याचा अधिकार रोग्याला आहे. अपस्माराने पीडित एका स्त्रीने प्रेषितांकडे दुआ मागितली. धीर धरल्यास जन्नत आहे, आणि हवे तर आरोग्यासाठी दुआ करतो, असा पर्याय त्यांनी तिच्यासमोर ठेवला. तिने धीर निवडला. फक्त झटक्यात अंगावरचे वस्त्र सरकू नये, एवढी दुआ मागितली (सहीह बुखारी). लक्षात घ्या, निवड तिची होती. ती तिच्यावर कोणी लादली नाही. तिच्या उदाहरणाने दुसऱ्याच्या आजारी आईला इस्पितळातून घरी आणण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

अशा घरात वेदना कमी करणारे औषध द्यावे. वेदना सोसत राहणे हीच सब्र आहे, असा समज करून घेऊ नये. हजरत अय्यूब (अलै.) यांनी आपले दुःख अल्लाहसमोर उघडपणे मांडले आणि तरीही ते सब्रचे आदर्श ठरले. या दिवसांत रोग्याला आवडीचा पदार्थ मागावासा वाटला तर तो द्यावा. भाकरीचा तुकडा, खीर, एखादा खजूर. आता हिशेब साखरेचा ठेवायचा नसतो. त्याच्याजवळ बसावे, त्याचा हात हातात घ्यावा. रोग्याच्या भेटीला गेलेला मनुष्य अल्लाहला त्या रोग्याजवळ पावतो, असा आशय एका पवित्र हदीसमध्ये (सहीह मुस्लिम) आला आहे. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. फक्त जाताना नवा सल्ला नेऊ नका, दुआ न्या.

हे अल्लाह, तूच खाऊ घालणारा आणि तूच बरे करणारा आहेस. आमच्यातील प्रत्येक रोग्याला आरोग्य दे. त्यांची सेवा करणाऱ्या हातांना बळ दे, उपचार करणाऱ्यांच्या ज्ञानात बरकत दे, आणि आमच्या जिभांना अज्ञानाच्या सल्ल्यापासून वाचव. ज्यांच्यासाठी तू भेटीची वेळ ठरवली आहेस, त्यांची वाट सोपी कर. आमीन.